नाव कोणाचं टाकू?

मित्रांनो, मी एक जुनी मशीन आहे, भांड्यांवर नावं टाकायची. मेहकरच्या बाजारात रहेमतुल्लाचाचांचं भांड्यांचं दुकान आहे, तिथे एका लाकडी खोक्यात माझा मुक्काम असतो. दिसायला मी जाड पेनासारखी. पोटात छोटी मोटर आणि तोंडाला पोलादी टोक. वीज मिळाली की मी अशी घरघरते की शेजारचे पेलेसुद्धा वाजायला लागतात. मला त्याचा थोडा गर्वही आहे.

चाचांनी मला राजकोटहून आणलं तेव्हा त्यांची दाढी काळीभोर होती. लग्नसराईत मला दम खायला फुरसत नसे, कारण आहेराचं भांडं नावाशिवाय द्यायचं नाही अशी इकडची रीत. चाचा भांडं मांडीवर धरून विचारायचे, "नाव कोणाचं टाकू?" उत्तर ठरलेलं असे. बाईनं भांडं निवडलं, पैसे तिनं पदराच्या गाठीतून सोडले, तरी नाव घरच्या कर्त्या पुरुषाचं. 'अमुकरावांकडून सप्रेम भेट.' चाचांचं अक्षर मोठं देखणं होतं. लोक ते मुद्दाम पाहुण्यांना दाखवत.

पुढे आहेराच्या भांड्यांच्या जागी पैशांची पाकिटं आली. नावं टाकायला कोणी फिरकेना, आणि माझ्यावर धुळीचा थर चढला. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

अशातच यंदा उन्हाळ्यात सिंधूताई आणि त्यांची सून प्राची मोठा डबा घ्यायला आल्या. सिंधूताईंच्या मूगवड्या गावभर नावाजलेल्या. आता त्या पाकिटात भरून विकायच्या होत्या, आणि पाकिटावर ओळख म्हणून प्राचीला सासूबाईंची सही हवी होती. कंप्युटरवरच्या वळणदार सह्या तिनं ढीगभर पाहिल्या होत्या.

"त्या साबणाच्या वाटतात चाचा, वड्यांच्या नाही," ती म्हणाली. "पण आई सही देतच नाहीत. पाकिटं छापायची अडून राह्यली."

"काऊन वहिनी?" चाचांनी सिंधूताईंना विचारलं.

"माहं अक्षर वाकडंतिकडं. हातबी कापते. पाकीट गावोगाव जाईन, लोकं हसतील मले."

त्यांनी घरी सही गिरवून पाहिली होती म्हणे. गिरवून गिरवून ती इतकी सुबक झाली की कोणाचीही वाटावी. ती आपली वाटेना, म्हणून त्यांनी तो कागदच चुलीत घातला.

चाचांनी मला खोक्यातून काढलं, फुंकर मारली, वायर जोडली आणि डब्याचं झाकण पुढे ठेवलं. "हिले धरून पाहा वहिनी. हिले धरलं का माहाबी हात थरथरते. कोणाचाबी थरथरते."

सिंधूताईंनी मला घट्ट धरलं. वड्या तोडून राठ झालेली ती बोटं मला आवडली. टोक टेकलं आणि पहिलं अक्षर उमटलं, 'ना'. मग 'रा'. मग 'य'.

"आई, हे तर बाबांचं नाव," प्राची हळूच म्हणाली.

सिंधूताई थबकल्या. "भांड्यावर दुसरं कोणाचं असते?"

स्टीलवरचं अक्षर खोडता येत नाही. चाचांनी ते झाकण बाजूला सारलं आणि नवं पुढे केलं. "आता तुमचं लिवा."

त्या सावकाश लिहू लागल्या. 'सिं'वरचा ठिपका खोल रुतला. 'धू'चा उकार झाकणाच्या काठापर्यंत घसरत गेला. नाव पूर्ण झालं, पण हात थांबला नाही. जन्मभर भांड्यांवर जे वाचत आल्या तेच सवयीनं पुढे उमटलं. झाकणावर नाव झालं, 'सिंधूकडून'.

तुम्ही नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासता ना, तसं प्राचीनं त्या झाकणावर पातळ कागद ठेवला आणि पेन्सिल घासली. करड्या रंगातून पांढरी अक्षरं वर आली, थरथरती आणि ठाम.

"हेच छापायचं," ती म्हणाली.

"ते 'कडून' खोड बाई. चुकून पडलं."

"राहू द्या आई. देणाऱ्याचं नाव आहे ते."

सिंधूताई कागदाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी स्वतःच्या नावावरून एकदा बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हाव. राहू दे."

आता ते नाव नांदुरा-मोताळ्यापर्यंत पाकिटांवरून जातं. अजून तरी कोणी हसल्याचं ऐकलं नाही.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. मोटर जळाली तर नवी बसते. पण आज घरी गेलात की एखादं जुनं भांडं हातात घ्या आणि त्यावरचं नाव वाचा. मग त्यात रोज कोण रांधतं, ते पाहा. नाव दुसऱ्याचंच निघालं, तर तिला घेऊन आमच्या दुकानात या. चाचा मला चालू करून देतील. धरायचं मात्र तिनंच.