कबरीचा दोर

“काकी, ते डुक्कर सोड आधी. कुठं निघालीस?”

पियामे आपल्या डुकरिणीच्या, कबरीच्या, पुढच्या पायाला दोर बांधत होती. तिने मानसुद्धा वर केली नाही. आवाज कुंडापेनचा होता. हा तिच्या चुलतदिराचा मुलगा. दोन वर्षांपूर्वी गावाचा मेंबर झाला, तेव्हापासून काखेत वही मारून हिंडायचा आणि थोरामोठ्यांना अडवून प्रश्न विचारायचा.

“खाली निघालेय, मामाच्या खोऱ्यात,” ती म्हणाली. “जरा मागं वळून बघ, म्हणजे कशाला ते विचारायची पाळी येणार नाही.”

मागे बघण्यासारखं उरलं होतं तरी काय! चार महिने पावसाचा थेंब नव्हता. एंगा मुलखाच्या उंच डोंगरात आभाळ असं कोरडं राहिलं की त्याच्या मागोमाग दुसरा वैरी येतो. लागोपाठ तीन पहाटे दहिवर गोठलं आणि रताळ्याचे सगळे वेल काळे ठिक्कर पडले. मातीतली रताळी आता पंधरा दिवसांत पाणचट होऊन सडणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

अशा वेळी काय करायचं ते या लोकांना कुणी शिकवायला लागत नाही. डुक्कर पुढे घालायचं, पोराबाळांना घेऊन दोन दिवसांची वाट उतरायची आणि खालच्या उबदार खोऱ्यात सोयऱ्याच्या अंगणातल्या खुंट्याला ते डुक्कर बांधायचं. तोंडाने काही मागायचं नसतं. डुक्कर बांधलं की सोयरा आपणहून वाफे दाखवतो. वर्ष-दोन वर्षं तिथे राबून खायचं आणि परतताना रताळ्याचं बेणं पाठीवर घेऊन वर यायचं. सात वर्षांची असताना पियामे आईबरोबर अशीच उतरली होती. तो उपकार ती विसरली नव्हती. संसाराला लागल्यापासून, गेली तीस वर्षं, मामाच्या घरातल्या प्रत्येक लग्नाला आणि प्रत्येक मर्तिकाला तिचं डुक्कर पोचत आलं होतं. डुक्कर घेऊन आला तो सोयरा आणि हात हलवत आला तो भिकारी, इतका सरळ हिशेब होता.

“सरकार तांदूळ देतंय,” कुंडापेन वहीवर बोट आपटत म्हणाला. “बंदरात उतरलासुद्धा. पण साहेब आधी डोकी मोजणार. मोजणीच्या दिवशी जो आपल्या दारात उभा दिसेल, त्यालाच मिळणार. घर बंद दिसलं की नावावर काट.”

“कधी आहे तुझी मोजणी?”

“आठवड्याभरात.”

“भातानं पोट भरेल रे, पण बेणं कुठनं आणशील? इथं एक वेल जिवंत नाही.”

“सगळं येईल, काकी. सरकार आहे ते, तमाशा नाही.”

“तेच तर कळत नाहीये मला.”

शेजारपाजारचे हसले. पियामेचा मुलगा इलाय मात्र हसला नाही. बायको आणि दोन लहान मुलींकडे बघत तो म्हणाला, “आई, आठवडाच तर आहे. घरबसल्या मिळतंय ते सोडून दुसऱ्याच्या दारात कशाला जायचं? तांदूळ घेऊ आणि मग जाऊ की.”

पियामेने थोडा वेळ दोर हातात तसाच धरला. मग खाली बसून तिने कबरीच्या पायाची गाठ सोडली. तिचं चुकलं ते तिथे, आणि पुढे तिने ते कधी कुणापासून लपवलं नाही.

नऊ घरं मात्र थांबली नाहीत. त्याच दिवशी डुकरं हाकत ती डोंगर उतरली. कुंडापेनने नऊही नावांवर लाल शाईने काट मारली आणि वही सगळ्यांना दाखवली.

पहिल्या आठवड्यात घराघराच्या दारावर खडूने आकडे पडले. पियामेचा आकडा एक्केचाळीस. दुसऱ्या आठवड्यात साहेबाच्या गाडीला डिझेल मिळेना. तिसऱ्यात हेलिकॉप्टर आलं. चार माणसं उतरली, त्यांनी काळ्या वेलांचे फोटो काढले. मग बायकांना ते वेल हातात धरून रांगेत उभं केलं. पियामेची धाकटी नात हेलिकॉप्टर बघून खुदकन हसली, तर फोटोवाला म्हणाला, “तिला जरा बाजूला घ्या.” अर्ध्या तासात हेलिकॉप्टर गेलं. रताळ्याएवढी वस्तूसुद्धा त्यातून खाली उतरली नव्हती. चौथ्या आठवड्यात मोजणी झाली. पाचव्यात कळलं की ते फॉर्म मागच्या वर्षीचे होते, म्हणून मोजणी पुन्हा. लोक पुन्हा दारात उभे राहिले. पाण्याला दीड तास लांब जावं लागत होतं, तरी मोजणीच्या दिवशी कुणी पाण्याला गेलं नाही. न जाणो, त्याच वेळी साहेब यायचा!

माणसं रानातलं फर्न उकडून खात होती. माणसाचं उष्टंखरकटं डुकराला जातं. इथे माणसाचंच ताट कोरडं, तर कबरीला काय उरणार? तिची पाठ करवतीसारखी दिसायला लागली. सहाव्या आठवड्यात ती उठेना. दोन दिवसांची वाट राहिली दूरच, तिला दारापर्यंत चालवेना.

“मरायच्या आधी मारू, आई,” इलाय म्हणाला. “पोरींच्या पोटात तरी जाईल.”

मांस निघालं ते चार दिवस पुरलं. तिने दोर धुतला, नीट गुंडाळला आणि घरातल्या आढ्याला अडकवला. त्या दिवशी ती पुरती संतापली होती, आणि सगळ्यात जास्त स्वतःवरच.

सातव्या आठवड्यात तांदूळ आला. ताडपत्रीखाली टेबल मांडलं होतं. मागे कुणा मंत्र्याचा हसरा, गुबगुबीत फोटो होता. साहेबाने भाषण केलं की सरकार तुमच्या पाठीशी खंबीरपणे उभं आहे. मग घरटी चार-चार किलोची पिशवी द्यायला सुरुवात झाली. एक्केचाळिसावा नंबर पुकारला तेव्हा पियामेने अंगठा उठवला, पिशवी घेतली आणि ती तिथेच उभी राहिली.

“साहेब, बेणं कुठाय?”

“कसलं बेणं, आजी?”

“रताळ्याचं. खाली खोऱ्यात पसरलेत की वेल. ज्या ट्रकमधनं हे आणलंत, त्यातनंच चार भारे वेल टाकून आणायचे होते. पाऊस पडला की लावले असते. तुमचा भात चार दिवसांत संपेल. त्यानंतर वर्षभर काय खायचं आम्ही?”

साहेब तरुण होता, चेहऱ्याने वाईट नव्हता. त्याने फॉर्म उलटासुलटा करून पाहिला.

“त्याला यात रकाना नाहीये, आजी.”

“मग काढा की रकाना! पेन आहे ना हातात?”

रांगेत हशा पिकला. साहेब कानापर्यंत लाल झाला. “असं नाही करता येत. तांदूळ म्हणजे मदत. वेल म्हणजे शेती. ते खातं वेगळं.”

“काकी, पुरे,” कुंडापेन पुढे आला. “साहेबांपुढं तोंड सांभाळ.”

“तू गप रे! तुझ्या घरात किती पोती उतरली ते सगळ्या गावानं पाहिलंय.” मग ती पुन्हा साहेबाकडे वळली. “माझ्या आईला कुणी फॉर्म दिला नव्हता, साहेब. तिला वाट माहीत होती. मलाही माहीत होती. मी निघाले होते, डुकराच्या पायाला दोर बांधला होता. तुम्ही मला दारात उभं केलंत. सात आठवडे! बांधलेल्या डुकराला तरी लोक काहीतरी टाकतात. कबरीला आम्ही नाही खाल्लं, तुमच्या यादीनं खाल्लं. आता सोयऱ्याच्या दारात कुठलं तोंड घेऊन जाऊ? की त्यालाही रकाना नाही?”

साहेबाने घसा खाकरला, कागदावर नजर लावली आणि म्हणाला, “बेचाळीस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाचही जणं निघाली. पियामेने आढ्याचा दोर काढून आपल्या पाठीवरच्या पिशवीत घातला.

“दोर कशाला, आई?” इलायने विचारलं.

“तांदळाची पिशवी तू घे. दोर मी घेतलाय.”

वाटभर इलाय मागे मागे चालत होता. ‘आठवडाच तर आहे’ म्हणणारा तोच होता. हे दोघांनाही आठवत होतं.

वाटेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती लाकाइनच्या अंगणात पोचली. लाकाइन म्हणजे मामाचा मुलगा. केस पिकले होते, पण अंगाने अजून भक्कम होता. अंगणात खुंट्यांची रांग होती. तीन खुंट्यांना तीन डुकरं बांधलेली होती. त्यांतलं एकेक डुक्कर पियामेला ओळखू आलं, कारण ती तिच्याच गावची होती. चौथा खुंटा मोकळा होता.

शरमेने तिला मान वर करवत नव्हती. तरी ती सरळ त्या चौथ्या खुंट्याकडे गेली. पिशवीतून दोर काढून तिने एक टोक खुंट्याला घट्ट बांधलं आणि दुसरं टोक, पायात अडकवायचा फास तसाच ठेवून, जमिनीवर सोडलं.

लाकाइनची बायको दारात आली. “अगं बाई, आणि डुक्कर कुठाय?”

“तू आत जा,” लाकाइन म्हणाला. मग त्याने त्या फासाकडे पाहिलं. “कबरी का? गेल्या लग्नात म्हणाली होतीस, पुढच्या खेपेला कबरी आणते म्हणून.”

“तीच, दादा.”

“उशीर केलास, पिये.”

“केला.”

“चांगले वाफे गेले बघ. तुझ्या गावची तिघं वेळेवर आली, त्यांना दिले. आता ओढ्यापलीकडची दगडाची पट्टी तेवढी राहिलीय. आणि जेवण एकवेळचं. पाऊस इथंही नाही.”

“चालेल. राबू आम्ही.”

इलायने तांदळाची पिशवी पुढे केली. लाकाइनने ती घेतली, तिच्यावरही छापलेला मंत्र्याचा फोटो पाहिला आणि बायकोकडे दिली. त्या संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तो भात खाल्ला. खारट पाल्याबरोबर बरा लागला. लाकाइनच्या बायकोने पियामेच्या नातींना दोनदा वाढलं.

सकाळी ठकठक आवाजाने पियामे बाहेर आली. लाकाइनने आपलं डुक्कर रानातून धरून आणलं होतं. ते एका हाताने आवळून दुसऱ्या हाताने तो दगडाने नवा खुंटा ठोकत होता. जमीन वाळून टणक झाली होती, खुंटा आत जाता जात नव्हता.

“मामा, हा खुंटा तर रिकामाच आहे की,” चौथ्या खुंट्याकडे बोट दाखवत इलाय म्हणाला.

त्या खुंट्याला कबरीचा दोर तसाच बांधलेला होता; लाकाइनने त्याला हात लावला नाही. पाचवा खुंटा पक्का बसेपर्यंत तो दगड मारत राहिला, आणि मग त्याने आपलं डुक्कर त्याला बांधलं. पियामेने भिंतीला टेकवलेली खोदायची काठी उचलली आणि ती ओढ्यापलीकडे निघाली.