तिसऱ्या ठोक्यानंतर

"काठी कुठंय त्यांची?" मी माझ्यासोबत ड्यूटीवर असलेल्या दीक्षाला विचारलं.

"मॅनेजरच्या ऑफिसात. खालच्या मजल्यावरच्या बाईने पुन्हा कम्प्लेंट केली ना, रोज संध्याकाळी डोक्यावर ठकठक होते म्हणून. आता धरून चालायची फ्रेम दिलीय त्यांना. काठीपेक्षा सेफ."

"अगं, आज त्यांची मुलगी येतेय लंडनहून, कॅमेरा घेऊन!"

"मग? फ्रेम धरून बसतील की. तू कशाला एवढी तापतेस, गिरिजा?"

तापणारच. मी नागपूरची, डोकं आधी तापतं आणि मग चालतं. आणि साकारामकाका माझे कोणी नसले तरी कार्डिफच्या त्या नर्सिंग होममध्ये ज्यांना ‘काका’ म्हणावं असं दुसरं होतं कोण? पुरुषोत्तम साकाराम. मॉरिशसचे. आजोबा रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यांत मजुरीला गेलेले. नातवापर्यंत येता येता मराठीतलं ‘ये’, ‘पाणी’ आणि ‘गप बस’ एवढंच उरलं, बाकी सगळं फ्रेंच. इंग्रजी होतं, पण म्हातारपणाने ते सगळ्यात आधी नेलं. सकाळी मी औषधं घेऊन गेले की "ये" म्हणायचे, आणि मला उगाच माहेरी आल्यासारखं वाटायचं.

हे काका तरुणपणी नट होते आणि नाटककारही. त्यांच्या गावच्या नाट्यगृहात मळ्यातल्या मजुरांच्या पोरांना शिरकाव होता तो फक्त झाडू मारायला. त्याच स्टेजवर त्यांनी मळ्यातल्या माणसांचं नाटक आणलं, तेही मालकांच्या फ्रेंचमध्ये, आणि सगळी पात्रं एकट्याने केली. त्यांच्याआधी तिथे हे कोणी केलं नव्हतं. लिहिलेलं सगळं पुढे एका वादळात घरासकट गेलं. नाटक उरलं ते काकांच्या डोक्यात, आणि आता डोकंही चाललं होतं. म्हणून नीनाची, त्यांच्या मुलीची, घाई. एकदा टेपवर घेतलं की सुटले, असं ती मला इंग्रजीत म्हणायची.

दुपारी ती आली. काका कोट घालून तयार. तिने कॅमेरा लावला, "पापा, स्टार्ट," म्हणाली. काकांनी फ्रेम उचलली, खाली ठेवली. दाराकडे बघितलं. पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. फ्रेमच्या पायांना रबरी टोपणं, आवाज कुठला येणार? तोंडातून शब्द नाही.

"ते सगळं विसरले, गिरिजा. मी उशीर केला," असं म्हणून नीना रडत रडत स्टेशनला गेली.

दुसऱ्या दिवशी चादर बदलताना मला माझे बाबा आठवले. मिलमध्ये कामाला होते, आणि कामगारांच्या नाट्यस्पर्धेत पडदा ओढायचे. राजा असो की शिपाई, तिसरी घंटा होईपर्यंत विंगेत सगळे मुके. मी चादर तशीच टाकली आणि नीनाला फोन लावला.

"तुमच्याकडे नाटकाआधी घंटा असते का गं?"

"घंटा नाही. फ्रेंच नाटकात पडदा उघडायच्या आधी काठीने तीन ठोके..." ती थांबली. "ओ गॉड. काठी!"

मी मॅनेजरला न विचारता काठी आणली. खालची बाई गेली उडत! लाकडी जमिनीवर तीन ठोके हाणले.

आणि काका उभे राहिले. काय आवाज हो तो! ज्या माणसाला मी चमच्याने भरवत होते, तो कधी मुकादम होऊन गरजत होता, कधी बाईच्या गळ्याने विनवत होता. मला एक अक्षर कळत असेल तर शपथ. मध्येच ते "पाणी" म्हणाले. मी धावत जाऊन पेला पुढे केला. काकांनी डोळे वटारले, "गप बस!" आणि पुढे चालू. मग उजेड पडला, अगं बाई, हे नाटकातलं होतं! त्या सगळ्या फ्रेंचमध्ये मळ्यातल्या कोणाच्या तरी तोंडी त्यांनी आपल्या आजोबांचा शब्द ठेवला होता. मी पेला हातात धरून शेवटपर्यंत बसले आणि न कळणारं ऐकून ढसाढसा रडले. माझा फोन तेव्हा नुसता फोनच होता, त्यात काही साठवता येत नव्हतं.

"आत्ताच्या आत्ता ये," मी नीनाला सांगितलं.

"शनिवारशिवाय सुटी नाही मिळणार गं."

गुरुवारी काकांना स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली.

तरी शनिवारी नीनाने कॅमेरा लावला. मी म्हटलं, कशाला त्यांचे हाल करतेस? ती ऐकेना. मॅनेजर दारात उभी होती, पण काठीबद्दल काही बोलली नाही. मी ठोकले. एक, दोन, तीन.

काकांनी डाव्या हाताने कोटाचं बटण चाचपलं. पाठ ताठ केली. तोंड उघडलं. नुसता श्वास आला. पुन्हा उघडलं. घशातून कसलासा घोगरा आवाज निघाला आणि विरला. ते माझ्याकडे बघत राहिले, वाक्य अडलं की नट विंगेत बघतो तसे. आता मी काय सांगणार होते? मला त्या नाटकातला एकच शब्द येत होता.

"पाणी," मी हळूच म्हणाले.

त्यांचे ओठ हलले. आवाज आला नाही. डोळ्यांतून पाणी आलं. मग त्यांनी नाटक संपल्यावर वाकतात तशी मान लववली. आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या. दुसरं काय करणार?

पुढच्याच आठवड्यात काका गेले. टेप नीनाकडे आहे. त्या टेपवर तीन ठोके आहेत, मग बरीच शांतता, मग माझ्या नागपुरी आवाजात "पाणी", आणि शेवटी दोन बायकांच्या टाळ्या.