चिकटपट्टीवरची तारीख

साबणाने हात धुऊन, नळ कोपराने बंद करून ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. मान मागे टाकली, डाव्या हाताच्या बोटाने उजव्या डोळ्याची खालची पापणी ओढली आणि बाटलीचं टोक कुठेही टेकणार नाही अशा बेताने वरून एक थेंब सोडला. डोळ्यात मिरची गेल्यासारखी आग झाली. तरी तिने डोळा अलगद मिटला, नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरला आणि मनात साठपर्यंत आकडे मोजले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं एकेक पथ्य ती पाळत होती. टॉवेल वेगळा, उशीचा अभ्रा रोज नवा. आज सहावा दिवस होता आणि डोळा पहिल्या दिवसापेक्षा वाईट दिसत होता.

"थांबली का आग?" दाराशी बूट घालत नवऱ्याने विचारलं.

"थांबते कसली! वाढतेच आहे."

"औषध लागू पडतंय म्हणून आग होते. जरा दम धर की."

दम धरायला सांगणाऱ्याचं काय जातं? तिचं मात्र बरंच काही जाणार होतं.

ती औषधांच्या कारखान्यात बाटल्या तपासायची, त्याही डोळ्यांच्या थेंबांच्याच. प्रत्येक बाटली उलटी करायची, सरळ करायची, हलकेच घुसळायची आणि दिव्याखाली आधी काळ्या, मग पांढऱ्या फळीसमोर धरायची. आत कण दिसला, धागा दिसला, बूच नीट बसलेलं नसलं, की तळाला लाल शाईने आपली खूण करून बाटली लाल पेटीत टाकायची. प्रत्येकीची खूण निराळी, म्हणजे कुणी बाद केली ते कळावं. तिची खूण दोन रेघा आणि एक टिंब. लेबल लागायचं ते पुढे, पास झालेल्या बाटल्यांना. सतरा वर्षं तिने हेच काम केलं होतं आणि सगळ्या तिला 'घार' म्हणत. "घारीने सोडली ना? मग डोळे मिटून घाला," असं साहेबसुद्धा म्हणायचे.

अशा खोलीत लाल डोळा घेऊन बसता येत नाही. साहेबांनी तिला घरी पाठवलं होतं. वर पहिल्या तारखेला सगळ्यांच्या नजरेची वार्षिक तपासणी होती. तीत जी नापास होईल तिची रवानगी खोकी दुमडायच्या विभागात. खोकी दुमडण्यात कमीपणा नाही, असं ती इतरांना सांगायची. स्वतःच्या बाबतीत मात्र ते तिला पटायचं नाही. तिच्याकडे दुसरं होतंच काय? रूप बेताचं, शिक्षण बेताचं. नजर मात्र तिची होती.

नवरा त्याच कारखान्याच्या गोदामात होता. माणूस मोठा हौशी. नात्यागोत्यात कुणाचा डोळा आला की हा खिशात बाटली घालून हजर! बहिणीच्या चार महिन्यांच्या मुलीचे डोळे चिकटत होते, तर मागच्याच आठवड्यात तिथेही एक देऊन आला होता. "भाऊ असावा तर असा," असं म्हणून बहिणीच्या सासूने त्याला जेवल्याशिवाय सोडलं नव्हतं. बायकोच्या डोळ्यासाठी डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी लिहून दिली, ती त्याने हातातून काढूनच घेतली.

"दुकानात कशाला जायचं? गोदामात एक खोकं भिजलं, लेबलं सुटली. ते आम्हा लोकांत वाटून टाकलं. माल एक नंबर."

लेबल नसलेली बाटली पाहून तिला जरा खटकलं होतं. पण त्याच संध्याकाळी त्याने आपण होऊन बाटलीला पांढरी चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर उघडल्याची तारीख लिहिली. पट्टी पोटावरून आणून तळाखालीही फिरवली, निघू नये म्हणून.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना, तारीख लिहा, महिन्यानंतर टाकून द्या. बघ, लक्षात आहे माझ्या."

स्वतःचा ओला टॉवेल वीस वर्षांत कधी दोरीवर न टाकलेला माणूस! तिला अगदी भरून आलं. दिवसाला हजारो बाटल्या उजेडाला धरणाऱ्या तिने घरातली ही एक धरून पाहिली नाही.

आठव्या दिवशी उजव्या डोळ्यासमोर सगळं दुधाळ दिसायला लागलं, तेव्हा ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. नवरा सोबत आला. नको म्हटलं तरी आला. डॉक्टरीणबाईंनी तिची हनुवटी यंत्रावर टेकवली आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

"बुबुळावर जखम झाली आहे. थेंब वेळेवर घातले?"

"दिवसातून चारदा. एकही चुकला नाही."

"बाटलीचं टोक डोळ्याला, बोटाला कुठे लागलं?"

तिने तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, "लागलंच असेल हो. हिची सदा घाई. मी किती वेळा सांगितलं, नीट धर म्हणून."

ती त्याच्याकडे वळली. एकदाही सांगितलं नव्हतं त्याने. तो भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे पाहत होता, जणू त्याचीच तपासणी चालली होती.

"चूक कुणाची ते मला नको," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जखमेत काय वाढतंय ते कळलं पाहिजे, तेही आजच. नाहीतर या डोळ्याची नजर जाईल. बाटली आणली आहे?"

तिने पिशवीतून बाटली काढली. पुढचं हातांनी सवयीनेच केलं. बाटली उलटी झाली, सरळ झाली, हलकेच घुसळली गेली. पांढऱ्या भिंतीसमोर काही दिसलं नाही. मग तिने ती नवऱ्याच्या काळ्या कोटासमोर धरली आणि डावा डोळा बारीक केला.

एक फिकट धागा वर आला, वळला आणि सावकाश खाली बसला.

तारीख पट्टीच्या एका कोपऱ्यात मावली होती. मग पट्टी तळापर्यंत कशाला? तिने बाटली पालथी केली आणि तळाची पट्टी नखाने खरवडली.

"अगं, आता हे काय काढलंस?" नवरा म्हणाला. "दे इकडे."

तिने दिली नाही. पट्टी सुटली. दोन लाल रेघा आणि एक टिंब.

क्षणभर तिला चक्क बरं वाटलं. तिची नजर चुकली नव्हती. मग तिला स्वतःचाच राग आला.

"ही आमच्या कारखान्यातली बाद बाटली आहे," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "लाल पेटीतून जाळायला भट्टीत जायची होती. खूण माझी आहे."

"काहीतरीच!" नवरा हसला. "आणि असली तरी आत औषध तेच ना? एवढ्याशा धाग्याने काय होतंय!"

धाग्याबद्दल तिथे अजून कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी बाटली रुमालात धरून घेतली, झाकण तपासलं आणि मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहायला बसल्या. नवऱ्याने तिचा कोपर धरला.

"अगं, असं सांगतात का कुणी?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "नोकरी जाईल माझी. तुझी तरी राहील का? घरातलं घरात ठेवायचं सोडून..."

घरातलं म्हटल्यावर तिला एकदम आठवलं. तिने कोपर सोडवून घेतला आणि फोन काढला. अक्षरं पुसट दिसत होती, म्हणून फोन नाकाशी नेऊन नणंदेचं नाव शोधलं.

"ताई, बाळाला आज थेंब घातलेत?"

"आत्ताच घातले, वहिनी." मागे मूल किंचाळून रडत होतं. "काय आकांत मांडते हो घातले की! आता दुसरा डोळाही चिकटायला लागलाय. पण दादा म्हणालाय ना, औषध लागू पडतंय म्हणून आग होते. म्हणून मी थांबवलं नाही."

तिने मान वर केली. नवरा तिच्या चेहऱ्याकडे पाहत होता.

"वहिनी? ऐकताय ना?"

तिने फोन कानावरून काढला आणि नवऱ्याच्या हातात दिला.

"तुम्हीच सांगा तिला," ती म्हणाली.