गादीचे पैसे जीपला

नवऱ्याचे दिवस झाले, पाहुणे परतले, आणि रत्नवल्ली सरळ केरळातल्या निलंबूरच्या शुश्रूषा केंद्रात येऊन उभी राहिली. शेवटचं वर्षभर इथली शायनी सिस्टर घरी येऊन त्याच्या जखमा धूत होती. पैसा कुणी घेतला नव्हता.

"मला शुश्रूषा जमायची नाही," ती सचिव रझाक मास्तरांना म्हणाली, "पण सहकारी बँकेत जन्म गेलाय. हिशेब माझ्याकडे द्या."

मास्तरांना देव भेटल्यासारखं झालं. हिशेबाचं सॉफ्टवेअर होतं, नोंदीही होत्या. पण मशिदीतली पेटी, देवळाच्या उत्सवातली वर्गणी, आखातातून आलेले पैसे, सगळं 'देणगी' नावाच्या एकाच खात्यात कोंबलेलं.

"मास्तर, ही काय खिचडी करून ठेवलीय?"

"खर्च नीट झालाय ना, चेच्ची? मग झालं!" मास्तर तिला चेच्ची, म्हणजे ताई, म्हणत.

"ज्यानं दिले त्याला कळायला नको, कशावर झाला ते?"

तिनं औषधं, गाडी, गाद्या, रुग्णांच्या घरी द्यायचा तांदूळ अशी वेगवेगळी खाती उघडली आणि एकेक पावती तिच्या तिच्या जागी नेऊन बसवली. शायनी येता-जाता चहा ठेवून जाई. पहिला अहवाल निघाला तेव्हा मात्र रत्नवल्लीचा चेहरा उतरला. दुबईच्या सैदालवी हाजींनी पडून असणाऱ्या रुग्णांच्या हवेच्या गाद्यांसाठी दिलेले पैसे पुराच्या दिवसांत जीपच्या दुरुस्तीला आणि डिझेलला गेले होते.

"नुसती बेरीज दाखवू," मास्तर पुटपुटले. "हाजी सुटीवर येतायत. माणूस तापट आहे."

"तापू देत. कागद आहे तसाच जाईल."

हाजी आले. चष्मा लावून त्यांनी अहवाल वाचला आणि तिच्याकडे रोखून पाहिलं. "म्हणजे माझी गादी तुम्ही जीपला घातलीत?"

"हो. विचारायला हवं होतं, विचारलं नाही. चूक केंद्राची आहे."

मास्तर छताकडे बघत राहिले. हाजींनी अहवाल मिटून टेबलावर ठेवला.

"त्या पुरात माझी आई आजारी होती," ते म्हणाले. "मी तिकडे विमानतळावर अडकलो होतो. तुमची जीप दारात पोचली, ती याच डिझेलवर ना?"

रत्नवल्लीनं शायनीकडे पाहिलं. शायनी हळूच म्हणाली, "हो, हाजी. उम्मांना मीच पाहायला आले होते."

हाजींनी चष्मा काढून डोळे पुसले. "चेच्ची, गाद्यांचे पैसे पुन्हा देतो. आणि एक खातं असं उघडा, जिथं माझी काही अट नाही. जिथं नड असेल तिथं खर्च करा. फक्त असंच खरं खरं लिहून पाठवत जा."

तिनं तिथंच ते खातं उघडलं. मास्तर हसून म्हणाले, "चेच्ची, तुम्ही तर मला घाम फोडलात!"

पुढच्या आठवड्यात गाद्या आल्या. पहिली गादी अंथरुणाला खिळलेल्या एका ताडी काढणाऱ्याच्या घरी पोचवायला रत्नवल्ली स्वतः जीपमधून गेली. त्याच्या बायकोनं तिचे दोन्ही हात घट्ट धरले, आणि बराच वेळ दोघींपैकी कुणीच ते सोडवून घेतले नाहीत.