रुमालाखालची बोटं

मेंढीचं वय दातांवरून कळतं. ओठ वर करायचा, दात बघायचे, मगच भावाचं बोलायचं.

बबिताच्या थोरल्या बहिणीशी, दैवशालेशी बोलायचं तर तिच्या उजव्या हाताला बसावं लागतं. नवऱ्याच्या घरून परत आली तेव्हापासून डाव्या कानाला ऐकू येत नाही.

मल्हार देवगाव फाट्यावर जीप चालवायचा, तेव्हा त्याला कुणी मुलगी दाखवत नव्हतं.

बाजारात भाव तोंडानं ठरत नाही. दोघं रुमालाखाली हात धरतात, बोटं दाबतात. भोवती उभ्या असलेल्यांना काही कळत नाही.

पाहुणे बघायला आले त्या दिवशी बबितानं नेहमीसारखी कोकरं आयांना लावली, अंगण झाडलं, साडी नेसली आणि पाटावर येऊन बसली. समोर मल्हारचे मामा, रामप्रसाद. मल्हार आता दुबईत होता, म्हणून मोबाईलमध्ये होता.

"पोराला पगार दुबईचा. आमाला काईच नको," रामप्रसाद म्हणाले. "नारळ आन् पोरगी. बस."

असं म्हणत त्यांनी बबिताच्या बापाच्या, सटवाजीच्या हातावर रुमाल टाकला.

बबिता लहानपणापासून बापाबरोबर बाजारात गेलेली. रुमाल कुठं फुगतो, कुठं दबतो, हे तिला लांबून कळायचं. चार बोटं. म्हणजे चार लाख. दैवशालेच्या लग्नात अर्धा कळप गेला होता, आता उरलेला सगळा जाणार. आणि हुंडा मागितला, असं कुणालाच म्हणता येणार नव्हतं.

सटवाजीचा विचार सरळ होता. आपलं मेंढरू आखातात उतरलं की तिप्पट भावानं जातं, असं व्यापारी सांगत. पोराचंही तसंच झालं असणार. फाट्यावरचा मल्हार वेगळा, दुबईतला वेगळा.

"काई इचारायचं का गं पोरी?" रामप्रसादांनी रिवाज म्हणून विचारलं. यावर मान खाली घालून 'न्हाई' म्हणायचं असतं.

"तिकडं चहा केवढ्याला मिळतो?" बबितानं मोबाईलकडं बघत विचारलं.

रामप्रसाद खो खो हसले. "दुबईला चालली आन् चहाचा भाव इचारायलीय!"

"दोन दिरहम," मल्हार म्हणाला.

"म्हंजी पन्नासच्या आसपास. इथं दहा. मामा, पगार तुमी तिकडचा सांगायलाव आन् खर्च इथला धरायलाव." मग मोबाईलकडं वळून, "खोलीत किती जण राहता?"

मल्हारनं मागं बघितलं. मागं एकावर एक खाटा होत्या.

"आठ." आवाज थकलेला होता, खोटा नव्हता.

"काम काय करता?"

रामप्रसादांनी मोबाईल मांडीवर पालथा घातला. "रेंज गेली."

"काय झालं गं?" चुलीपासून दैवशालेनं उजवा कान वळवला.

"रेंज गेली म्हणतेत, अक्का."

"बबे, गप बस," भागुबाई आतून लेकीवर डाफरली.

"पोरीच्या जातीनं एवढं इचारू न्हाई," रामप्रसाद म्हणाले. रुमालाखाली बोटं अजून हलतच होती.

"आबा," बबिता म्हणाली. तिला राग येत नव्हता. भीतीही वाटत नव्हती. काहीच होत नव्हतं. "दात बघितल्याबिगर तुमी कदी मेंढरू घेतलं का?"

बोटं थांबली. सटवाजीनं चुलीकडं, थोरल्या लेकीकडं बघितलं. मग हात बाहेर काढला, रुमालाची घडी केली आणि रामप्रसादांच्या मांडीवर ठेवली.

"चहा घ्या, पाव्हणं. निवायलाय."

चहा तसाच राहिला. दारातून रामप्रसाद म्हणाले, "ही हितंच म्हातारी होणार बगा." बबितानं कप विसळले. पाणी गार होतं की कोमट, तिला सांगता आलं नसतं. वस्तीवर पुढं बरेच दिवस बोलणं झालं. पोरगी लय आगाऊ हाय, बापाला वळण लावता आलं न्हाई. रुमालाबद्दल कुणीच काही बोललं नाही.

त्या संध्याकाळी सटवाजीनं कळप कोंडला. सगळा.

दैवशालेच्या सोयरिकीच्या दिवशी पाहुण्यांना चहा बबितानं दिला होता. नवऱ्या मुलाबद्दल तेव्हा कुणी काही विचारलं नव्हतं.