परिशिष्टातली बारावी बाई

जळगावच्या नवीन बसस्थानकासमोरच्या गल्लीत ज्योती सुरवाडेचं टायपिंगचं दुकान आहे. पाटी हातभर, पण काम अर्जापासून पीएच.डी.च्या प्रबंधापर्यंत. समास, तळटीपा, संदर्भसूची यांचे नियम भल्याभल्या प्राध्यापकांच्या डोक्यावरून जातात, ते ज्योतीला पाढ्यांसारखे पाठ. आणि अशा बाईच्या हातून डिसेंबरात एक चूक झाली होती.

चूक म्हणावी तर ती दुकानाची जुनी पद्धतच होती. दिवसाला तीस-चाळीस फायली येतात, प्रिंट एकमेकांत मिसळतात, म्हणून प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरात गिऱ्हाइकाचं नाव, गाव आणि मोबाईल नंबर टाकायचा. देवचंद मालचे सरांचा इंग्रजी लेख बायबलच्या अभ्यासाला वाहिलेल्या एका परदेशी त्रैमासिकाला जायचा होता. तिने सवयीने त्याच्याही तळाशी तेच टाकलं. चौतीस पानं, चौतीस वेळा देवचंद मालचे, धुळे. आणि त्या त्रैमासिकाचा पहिला नियम काय, तर लेखकाचं नाव लेखात कुठेही दिसता कामा नये. परीक्षकांनी लेख वाचायचा, लेखक नाही.

आठव्या दिवशी लेख परत आला. सोबत चार ओळींचं पत्र होतं. विशेषांक असल्यामुळे एकदाच दुरुस्ती करून पाठवता येईल. पुन्हा नाव आढळलं तर लेख न वाचता बाद होईल. शेवटची तारीख एकतीस जानेवारी, तिकडचे दुपारचे बारा. म्हणजे आपले साडेपाच.

आज एकतीस जानेवारी होती आणि भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

मालचे सर ज्योतीच्या खुर्चीमागे उभे होते. वय सदुसष्ट, साक्रीकडच्या शाळेतून निवृत्त झालेले, पन्नाशीत टपालाने हिब्रू शिकलेले. असा माणूस अख्ख्या धुळे जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही, आणि सरांना ते ठाऊकही होतं. लेखामागे त्यांची सहा वर्षं गेली होती. बायबलात एका परक्या मुलखातल्या विधवेची गोष्ट आहे, ती कापणी झालेल्या शेतात मागे पडलेली कणसं वेचते. आपल्याकडे त्याला सरवा म्हणतात. सर गावोगाव फिरून सरवा वेचणाऱ्या बायकांशी बोलले होते. भुईमुगाचा सरवा, कापसाचा, ज्वारीचा. त्यांचं म्हणणं एकच होतं. त्या गोष्टीतला शेताचा मालक मुकादमाला त्या बाईबद्दल विचारतो तेव्हा "ही कोण?" असं विचारत नाही, "ही कोणाची?" असं विचारतो. आणि खान्देशातला मालकही बांधावर उभा राहून हेच विचारतो. ग्रंथालयात बसून हे कोणाला सुचलं नसतं.

धुळ्याहून बसने ते तीनला आले होते. बरोबर त्यांची बायको द्रौपदाबाई होती. तिला दारापाशी प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसवलं होतं, मांडीवर डब्याची पिशवी. ज्योतीने तिला पाणी दिलं, तेवढंच. त्यानंतर दीड तासात तिच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं.

दुधाने तोंड पोळलेलं, म्हणून ज्योती ताकही फुंकून पीत होती. तळटीपा तपासल्या. पानांचे तळ तपासले. फाईलच्या आतल्या नोंदीतलं नाव पुसलं, फाईलचं नावही बदललं. हिब्रू ओळी उजवीकडून डावीकडे नीट बसल्या आहेत ना, हे सरांच्या हस्तलिखिताशी अक्षर अक्षर जुळवलं. मग शेवटची खात्री म्हणून तिने शोधायच्या चौकटीत सरांचं नाव टाकलं. उत्तर शून्य यायला हवं होतं.

उत्तर आलं, पाच.

"सर, तुमचं नाव आहे."

"शक्यच नाही."

"पाच ठिकाणी आहे. हे बघा."

परिशिष्टात होतं. सरवा वेचणाऱ्या ज्या बारा बायका सरांशी बोलल्या होत्या त्यांची यादी तिथे होती. पहिल्या वेळी यादीत नुसते आकडे होते, वेचणारी एक, वेचणारी दोन. पण सरांना ते डाचत होतं. ज्या बायकांना कधी कोणी नावाने विचारलं नाही, त्यांना आपणही आकडे द्यायचे? त्यांनी सगळ्यांकडे पुन्हा जाऊन संमतीपत्रांवर सह्या घेतल्या आणि आजच पूर्ण नावांची यादी आणली. बाई, नवरा, आडनाव, आपल्याकडे लिहितात तशी, आणि पुढे गाव. अकरा नावांना काहीच अडचण नव्हती. बारावं नाव होतं, द्रौपदाबाई देवचंद मालचे. तेच मजकुरात आणखी चार वेळा आलं होतं, कारण लेखाचा शेवटचा भाग सगळा तिच्याच आठवणीवर उभा होता.

सर मटकन बाकावर बसले. नाव काढायच्या खटपटीत त्यांनीच आपल्या हाताने बायकोच्या नावाच्या पोटात आपलं नाव घालून आणलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

"नुसतं द्रौपदाबाई ठेवू?" ज्योतीने विचारलं.

"बाकी अकरा पूर्ण आणि एकच अर्धी? परीक्षक पहिलं तिथेच बोट ठेवील. आणि संमतीपत्रावरचं नाव आणि यादीतलं नाव तंतोतंत एक हवं, तो नियम तुम्हीच मला वाचून दाखवलात."

ते खरंच होतं. घड्याळात पावणेपाच झाले. बाहेर भुसावळच्या बसचा कंडक्टर ओरडत होता. ज्योतीचे हात की-बोर्डवर नुसते पडून होते. पहिली चूक तिची होती, तिने ती सरांपुढे कबूलही केली होती, आणि सरांनी एका शब्दाने तिला दुखावलं नव्हतं. तेच तिला जास्त लागलं होतं. आज हा लेख गेला नाही तर पुढच्या वर्षी असा विशेषांक नव्हता, आणि सरांच्या उजव्या डोळ्याची नजर दर महिन्याला कमी होत होती. पुन्हा हिब्रूची इतकी बारीक अक्षरं ते वाचू शकले असते का, हा प्रश्न दोघांनीही कधी काढला नव्हता.

सर उठले. "काढून टाका."

"काय?"

"तिचं नाव. वेचणारी क्रमांक बारा लिहा. तिला काय फरक पडतो? ती काही इंग्रजी वाचणार नाही."

दारापाशी स्टूल किंचित सरकल्याचा आवाज झाला. ज्योतीने मान वळवली. द्रौपदाबाई समोरच्या भिंतीकडे बघत होती, पण कान कुठे होते ते चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

ज्योतीला राग आला. सरांचा आला, स्वतःचाही आला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! नाव जिचं, ती चार हातांवर बसली आहे, आणि आपण दोघं शहाणी यंत्राशी झुंजतोय.

"अक्का," ती म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं? नाव ठेवायचं की काढायचं?"

द्रौपदाबाईने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग ज्योतीकडे. "माले आते इचारतीस का?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "बठ्ठं ठरी गयं, मंग माले इचारतीस."

"ठरलं नाही अजून. मी बटण दाबलेलं नाही."

"वेळ नाही ज्योतीताई," सर म्हणाले. "पाच वाजत आले."

ज्योतीने लेखाचं शेवटचं पान समोर आणलं आणि पुन्हा वाचलं. टाईप तिनेच केलं होतं, पण टाईप करताना माणूस वाचतो कुठे! अकरा वर्षांची मुलगी दुसऱ्याच्या शेतात भुईमुगाचा सरवा वेचते आहे. मालक येतो, विचारतो, "कोननी शे तू?" मुलगी उभी राहते आणि सांगते, "वनानी." वना म्हणजे तिचा बाप. मालक जातो. मुलीच्या ओच्यात शेंगा आहेत, तो तिने दोन्ही हातांनी धरून ठेवला आहे. आणि त्याखाली साक्ष देणारीचं नाव, द्रौपदाबाई देवचंद मालचे.

"सर," ज्योती म्हणाली, "हे झालं तेव्हा या अकरा वर्षांच्या होत्या. तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"मी? मी धुळ्याला शिकत होतो. का?"

"मग शेतात तुमचं नाव कुठून आलं?"

सरांनी पडद्यावरचं ते नाव पुन्हा वाचलं. सहा वर्षं ज्या प्रश्नावर त्यांनी लिहिलं, तोच आपल्याच यादीत असा पाय पसरून बसला होता. माहेरचं नाव हेही शेवटी बापाचंच, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. पण त्या शेतात जी उभी होती ती वनाची पोर होती, हे तरी खोटं नव्हतं.

"अक्का, माहेरचं पूर्ण नाव सांगा."

"द्रौपदा वना सोनवणे." ती अडखळली नाही. लग्नापासून एक्केचाळीस वर्षं कोणी विचारलं नव्हतं, तरी नाव जिभेवरच होतं.

ज्योतीने पाचही जागा बदलल्या. सरांचं नाव शोधलं. शून्य आलं. त्यांचं आडनाव शोधलं. शून्य. पाच वाजून सात मिनिटं.

आता संमतीपत्र उरलं. ते परीक्षकांकडे जात नाही, कचेरीपुरतं असतं, पण सही नव्या नावाची हवी. ज्योतीने कोरा नमुना छापून काढला, त्यातला मजकूर मराठीत वाचून दाखवला आणि टेबलाची कड मोकळी करून द्रौपदाबाईच्या हातात पेन दिलं.

इथे खरं घोडं अडलं. द्रौपदाबाई प्रौढ शिक्षणाच्या वर्गात एकच सही शिकली होती, नवऱ्याच्या नावाची. ती तिच्या हाताला बसलेली होती, शिवणाच्या टाक्यासारखी. दुसरं काही लिहायची तिच्यावर कधी वेळच आली नव्हती.

तिने "द्रौपदा" लिहिलं. मग पेन थांबलं.

पाच वाजून बारा.

"थांब, मी हात धरतो," सर म्हणाले आणि वाकले.

तिने हात बाजूला घेतला. "ऱ्हाऊ द्या."

"अगं, अठरा मिनिटं राहिली!"

"ऱ्हाऊ द्या म्हनस ना. मन्हा बापनं नाव शे, मी लिखस."

ज्योतीने दुसऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात "वना सोनवणे" लिहून तिच्यासमोर ठेवलं आणि मागे सरली. द्रौपदाबाईने ते निरखलं. वकाराचं पोट काढलं, ते फार मोठं झालं. ना लिहिलं. पेन उचललं, पदराने बोटं पुसली. सरांनी खिशातला रुमाल काढला, आत टाकला, पुन्हा काढला. सोनवणेतल्या "सो"ला मात्रा द्यायची राहिली, ती तिने परत जाऊन दिली. दुकानात दोन गिऱ्हाइकं आली, ज्योतीने त्यांना हातानेच थांबवलं. तिचे कान तापले होते. घाई करा म्हणायला तोंड उघडावं असं दहादा वाटलं आणि दहाही वेळा तिने ते मिटलं. त्या बाईला आजवर जे मिळालं नव्हतं ते आत्ता मिळत होतं, आणि त्याला लागतील तेवढी मिनिटं लागणार होती.

"णे"ची मात्रा झाली. पाच वाजून बावीस मिनिटं.

ज्योतीने कागद जवळजवळ हिसकावला. स्कॅन केला. लेख त्रैमासिकाच्या संकेतस्थळावर चढवला. संमतीपत्रांची फाईल चढवायला घेतली, तर निळी पट्टी अर्ध्यावर जाऊन थांबली. पाच सव्वीस. तिने मोबाईलचं नेट जोडलं आणि पुन्हा पाठवलं. पट्टी हलली, थांबली, हलली. सर डोळे मिटून ओठांतल्या ओठांत पुटपुटत होते. पाच अठ्ठावीसला पडद्यावर हिरवी खूण आली आणि खाली लेखाचा क्रमांक उमटला.

ज्योती खुर्चीत मागे रेलली. तिला हसू येत होतं आणि डोळे भरून आले होते, दोन्ही एकदम. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मग ते बायकोजवळ गेले. मोठ्या मनाने, जरा लाडानेच म्हणाले, "घाबरू नको. परीक्षकांचं झालं, लेख मंजूर झाला, की माझं नाव परत घालायचं असतं. तेव्हा तुझंही नीट करून घेऊ."

द्रौपदाबाई पिशवीला गाठ मारत होती. तिने वर पाहिलं नाही.

"मन्हं नीट शे आते," ती म्हणाली. "त्या अकरा बायास्ले इचारी या."

बाकी अकराही नावांच्या मधे नवरेच होते. सरांनी टेबलावरून परिशिष्टाचा कागद उचलला, चष्मा पुसला, आणि पहिल्या नावापासून एकेक गाव वाचायला सुरुवात केली.