पाणी न पिणारी गाडी

गिरीज गावातल्या त्या वाडीत दोन गाड्या होत्या. एक पाणी प्यायची, दुसरी पीत नव्हती. जे झालं ते एवढ्या फरकावरून झालं.

पाणी पिणारी ती जुनी. हिरामणने लष्कराच्या लिलावातून जीप आणली होती, मागचा भाग कापून फळ्या ठोकल्या आणि केळीचे घड वाहायला पिकअप केली. रंग कधीकाळी हिरवा, म्हणून घरात तिचं नाव हिरवी. दाराला कडी नव्हती, काथ्याची दोरी होती. बसायला फळी, फळीवर गोणपाट. काचा फुटल्या त्या फुटल्याच. वारा, पाऊस, रस्त्यावरची हाक, सगळं सरळ आत. पेट्रोलची टाकी गळू लागली की हिरामण धुण्याच्या साबणाचा तुकडा भोकावर चोळायचा आणि पुढे निघायचा. सुरू करायला समोरून हँडल घालून फिरवायचं. उजव्या अंगाला काळ्या रबराचा भोंगा होता. मुठीत दाबला की म्हातारी म्हैस रेकावी तसा आवाज निघायचा, आणि स्टेशनापर्यंतच्या वाटेवर कोंबड्यासुद्धा ओळखायच्या की हिरामण आला.

हिरवी तापायची फार. म्हणून रोज निघताना हिरामण तिला बावखलावर न्यायचा. घरामागचं हे बावखल म्हणजे वाडीचं गोड्या पाण्याचं तळं. त्याच्या जोरावर घरची विहीर भरायची आणि केळी तरारायची. हिरामण बादली बुडवायचा, पण पहिली ओंजळ परत पाण्यात सोडायचा. मग हिरवीच्या रेडिएटरचं झाकण उघडून तिला पाजायचा.

"पहिली त्यांची," तो सुनेला सांगायचा. "पाणी आपलं नाही, त्यात राहणाऱ्या सात आसरांचं आहे. आपण मागून घेतो."

सून द्वारका. नवी नवरी असताना एकदा धुणं पिळताना तिने काठावर लाडात नवऱ्याचं नाव गुंफून उखाणा घ्यायला सुरुवात केली, तर मामंजी तरातरा धावत आले होते. "पाण्याकाठी नवऱ्याचं नाव घेऊ नकोस, पोरी. उखाण्यातसुद्धा नाही. त्यांना नाव कळलं की त्या हाक मारायला लागतात. आणि माणूस आपल्या माणसाच्या आवाजाला फसतो." तेव्हापासून द्वारकेने ते नाव ओठांबाहेर काढलं नव्हतं. पाण्यावर जाताना ती आपली एक ओवी गुणगुणायची:

*बावखलाच्या पाण्यावरी, बाई, निळी ही सावली*
*सात जणींची लुगडी कुणी वाळत घातली*

हिरामण गेला आणि दोन वर्षांनी, शहाऐंशी साली, त्याच्या मुलाने म्हणजे नरहरीने दुसरी गाडी आणली. पांढरी, जपानी धाटणीची. चावी फिरवली की पहिल्या झटक्यात सुरू. गादी अशी, की बसलं की माणूस उठायचंच विसरावं. खालीवर होणाऱ्या काचा, गाणी लावायला टेप, समोर गरागरा फिरणारा छोटा पंखा. काचा वर केल्या की बाहेरचं जग मुकं व्हायचं. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, नरहरी आल्यागेल्याला सांगायचा ती: "हिला पाणी लागत नाही. रंगीत औषध घालून झाकण बंद केलंय. वर्षभर उघडायचं नाही."

नव्या गाडीला वळायला जागा नव्हती. सातिवलीकडे नव्या शेडांचे पाये खणत होते, तिथली माती फुकट मिळत होती. मार्गशीर्षात नरहरीने बावखल बुजवलं.

"अहो, ओंजळ तरी सोडा," द्वारका म्हणाली होती. "निदान नारळ."

"ज्या गाडीला पाणीच नको, तिच्यासाठी पाण्याची पूजा कसली?"

बुजवलेल्या जागेवर पांढरी उभी राहू लागली. काठावरच्या पेंढ्याच्या मांडवात हिरवी. तिच्याकडे मग कुणी पाहिलं नाही.

माघात विहिरीचं पाणी मचूळ झालं. चहा फाटू लागला. केळीच्या पानांच्या कडा करपल्या. शेजारच्या वाड्यांत पाणी खाली चाललेलं, हे नेहमीचंच. पण बुजवलेल्या जागेवरची माती सकाळी ओली असायची. वर चिमणी पाय ठेवून गेली तर ठसा उमटावा इतकी ओली.

चैत्रात सांडोरचा फेबियन हिरवी विकत घ्यायची म्हणून बघायला आला. त्याची भाजीची वाडी होती, नरहरीचा शाळेपासूनचा दोस्त. हिरवीला त्याने घोड्यासारखी थोपटली.

"हिचं कसं आहे, वहिनी, बॉनेट उघडलं की सगळं दिसतं. हा पंप, ही वायर, हा मी. तुमच्या पांढरीचं उघडलं तर काय, सगळं झाकलेलं. हात लावायला शहरातून माणूस बोलवा, आणि तो येईपर्यंत माझी वांगी पिकून आजोबा होतील."

"तुझी वांगी तशीही आजोबाच असतात," नरहरी पांढरीतूनच ओरडला. दुपारी जेवून तो तिथेच गादीवर आडवा व्हायचा. "एकदा या गादीवर बस. पाठीचा कणा आहे हेच विसरशील. हिरवीत दादरला जाऊन आलास तर मणके मोजून परत लावावे लागतात."

"पण हिरवी वाटेत मेली तर मी तिला उठवीन. तुझी मेली तर तू बसून रडशील."

"मरतच नाही ती!"

फेबियनने हसत हिरवीचं झाकण उघडलं आणि हसणं तिथंच थांबलं. "पाणी कुणी भरलं रे? काठोकाठ आहे."

"कुणी नाही. चार महिने कुणी हातसुद्धा लावला नाही."

द्वारका पुढे झाली. झाकणाखाली पाणी होतं, स्वच्छ, आणि त्यावर हिरव्या शेवाळाची दोन इवली पानं तरंगत होती. तिने बोट बुडवून जिभेला लावलं. घरची विहीर मचूळ झाली होती, पण हे पाणी गोड होतं. बावखलाचं.

"वैशाखात येऊन घेऊन जातो," फेबियन झाकण लावत म्हणाला, आणि जाताजाता त्याने छातीवर क्रूसाची खूण केली.

त्या दिवसापासून द्वारका पांढरीवर नजर ठेवू लागली. तिला वाटत होतं, गाडी खाली चाललीय. म्हणून एका सकाळी तिने मागच्या चाकावर, मातीला लागून, हळदीचं बोट ओढलं. चार दिवसांनी बोट मातीखाली गेलं होतं. तिने पुन्हा ओढलं. तेही गेलं.

"अहो, तिथं झोपू नका. हात जोडते."

"मुरूम बसतोय, दुसरं काय? नवी माती बसणारच."

"बसतेय की ओढतेय?"

नरहरी हसला. पण मग सहज बोलल्यासारखं म्हणाला, "झोप मात्र छान लागते गं. गार. पंखा फिरतो आणि कुणीतरी जात्यावर गातंय असं वाटतं. एक नाही, बऱ्याच जणी. आणि मधूनच 'अहो' म्हणून हाक मारतात. मला वाटतं तूच."

द्वारकेच्या हातातलं सूप खाली पडलं. दुपारी ती घरातच होती, झोपलेली. तिने कुणालाच हाक मारली नव्हती.

वैशाखातल्या एका रणरणत्या दुपारी ठरल्याप्रमाणे फेबियन हिरवी न्यायला आला. द्वारकेने ओटीवर त्याला सरबत दिलं. नरहरी जेवून पांढरीत जाऊन पडला होता. तिने वाट अडवली होती, तर तो तिला बाजूला सारून गेला होता. फेबियनने पेला तोंडाला लावला आणि मांडवातून आवाज आला.

भों.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पुन्हा, लांबलचक, जीव खाऊन दाबल्यासारखा. भों.

दोघं धावली. मांडवात कुणी नव्हतं. भोंग्याचं काळं रबर आत दबलेलं होतं, ते त्यांच्यादेखत हळूहळू फुगून जागेवर आलं. त्यावर ओल्या बोटांचे ठसे होते, चार एका बाजूला, एक दुसऱ्या. हिरामणचा अंगठा टोकाला निमुळता होता, तसाच तो ठसा.

"वहिनी," फेबियन म्हणाला. "तिकडे बघा."

पांढरी खिडक्यांपर्यंत खाली गेली होती. भोवती मातीचा बुडबुडता काला, आणि त्यातून निळं, नितळ पाणी वर येत होतं, ऐन वैशाखात. पाण्याचा आवाज नव्हता. आत टेपवरचं गाणं चालू होतं, पंखा फिरत होता, आणि काचेआड नरहरी गालाखाली हात घेऊन झोपला होता. ओठांवर हसू होतं.

"अहो!" द्वारका किंचाळली. "अहो, उठा!"

तो झोपेतच "हो" म्हणाला आणि आणखी खाली सरकला. द्वारकेला कळलं. 'अहो' ती एकटी म्हणत नव्हती.

फेबियनने केळीचे घड बांधायचा सोल, तो जाड दोर, ओढून आणला, पोटापर्यंत चिखलात शिरून पांढरीच्या मागच्या हुकाला गाठ मारली, दुसरं टोक हिरवीला बांधलं. समोर हँडल घातलं. "पाच महिने बंद आहे ती," स्वतःशीच म्हणाला, "पेट्रोलसुद्धा नसेल." पहिल्याच फेऱ्यात हिरवी सुरू झाली. बिघडण्यासारखं तिच्यात होतंच किती? चार वायरी, एक पंप आणि एका म्हाताऱ्याचा जीव.

दोर ताणला, करकरला. पांढरी बोटभर वर आली आणि थांबली. खालून कुणीतरी तितक्याच जोराने धरून ठेवलं होतं.

"तो जागा होऊन काच खाली करून बाहेर आला पाहिजे!" फेबियन ओरडला. "हाका मारा, वहिनी!"

द्वारका काठावर गुडघ्यांवर बसली. समोर पाणी होतं. तिच्या कानांत मामंजींचे शब्द होते आणि डोळ्यांसमोर नवऱ्याचा गाल. काच आता अर्धी बुडाली होती.

"नरहरी!"

लग्नानंतर सोळा वर्षांनी पहिल्यांदा. "नरहरी! नरहरी!"

तो दचकून उठला. भांबावून आजूबाजूला बघत त्याने काच फिरवली, पाणी भसकन आत आलं, आणि तो खिडकीतून अर्धा बाहेर पडला. फेबियनने त्याला काखेत धरून ओढलं. माणूस सुटला तशी पांढरीही सुटली. हिरवीने तिला ओढून काठावर आणून टेकवलं आणि मग आपणहून बंद पडली.

काठावर बसून नरहरीने तोंडावरचा चिखल पुसला. मग म्हणाला, "त्या मला लुगड्याखाली झाकत होत्या. गार वाटत होतं."

फेबियनने हिरवी नेली नाही. "ही माझ्याकडे येणार नाही," एवढंच म्हणाला, आणि चिखलाच्या पायांनी सांडोरला चालत गेला.

दुसऱ्याच आठवड्यात नरहरीने माणसं लावून माती उपसली. बावखल पुन्हा डोळा उघडून वर पाहू लागलं. विहिरीचं पाणी गोड झालं. पांढरी धुऊनपुसून, इंजिन उघडून दुरुस्त करून आणली. आठवडाभर रुसली आणि मग पहिल्यासारखी पहिल्या झटक्यात सुरू व्हायला लागली.

पण नरहरीचं मन फिरलं होतं. उपसा संपल्यावरच्या पहिल्या सकाळी तो हिरवीचं हँडल हातात घेऊन उभा राहिला. "मी आता हीच नेणार. बाबांची आहे. हिने वाचवलं."

"थांबा," द्वारका म्हणाली.

ती पाण्याकडे गेली. बादली बुडवली, पहिली ओंजळ परत सोडली. ओंजळ पाण्यावर पडली, पण पडल्याचा आवाज आला नाही. कुणीतरी हातात झेलल्यासारखी ती गेली. आणि पलीकडच्या लव्हाळ्यातून, अगदी हळू, एक बाई म्हणाली:

"नरहरी."

आवाज द्वारकेचा होता.

ती वळली. नरहरीने मान वर केली होती. "काय गं?" तो म्हणाला आणि पाण्याच्या दिशेने एक पाऊल टाकलं.

द्वारकेने बादली तिथेच टाकली. धावत जाऊन तिने त्याचा दंड धरला, हातातलं हँडल काढून घेतलं आणि त्याला पांढरीकडे ढकलत नेलं. "आजपासून हीच न्यायची. काचा वर करायच्या. टेप मोठा लावायचा. आणि मागून कुणीही हाक मारली, मी मारली तरी, थांबायचं नाही. मला काही सांगायचं असेल तर मी समोर येऊन उभी राहीन."

"आणि हिरवी?"

"ती इथेच राहील. काठावर."

तो गादीवर बसला. काच वर गेली. आत गाणं सुरू झालं. पांढरी न डचमळता, न तापता, न काही ऐकता रस्त्याला लागली.

मागे लव्हाळ्यातून तीच हाक आली, या वेळी जरा मोठ्याने, जरा लाडात, उखाण्यातल्यासारखी. "नरहरी…"

द्वारका हलली नाही. तिने पदर घट्ट धरला आणि मांडवाकडे पाहिलं.

हाकेला ओ देणं भाग होतं, नाहीतर हाक वाट शोधत त्याच्यामागे गेली असती. मांडवात काळं रबर आपणहून आत दबलं, आणि मुलाच्या नावाने बापाने ओ दिली.

भों.